गेटवरची जुनी कॉपी

धाकट्या जावेला मी माझ्याच कारखान्यात नोकरीला लावलं, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, असं मी पाच-सहा महिने रोज मनाशी म्हणत होते. मनाशीच, कारण मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. सासूबाई माझ्याकडे राहतात, आणि त्यांच्या लेखी मी दिराच्या पडत्या काळात धावून गेलेली थोर वहिनी होते. थोरपण एकदा पदरात पडलं की ते सांभाळत बसावं लागतं.

दिराची नोकरी गेली होती. आंबिवलीचा फ्लॅट, चार वर्षांची मुलगी आणि घरात कमावणारं कोणी नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या कंपनीत हिचं काही जमतंय का बघ ना." मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, त्यात दया थोडी आणि स्वार्थ जास्त होता. ती माझ्या हाताखाली येईल, माझा पेनड्राइव्ह सांभाळेल आणि घरी येऊन सगळ्यांना सांगेल की वहिनींशिवाय तिथे पान हलत नाही. कारखान्यात माझा काय दरारा आहे, हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. घरात मी म्हणजे चपात्या.

दरारा कसला, ते सांगते. आमचा कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत, मानपाड्याच्या बाजूला. औषध कंपन्यांना लागणारी पावडर आम्ही बनवतो आणि ड्रम भरून पाठवतो. प्रत्येक मालाबरोबर एक सर्टिफिकेट जातं. या बॅचमध्ये ओलावा किती निघाला, शुद्धता किती, ग्राहकाने घालून दिलेली मर्यादा काय आणि आमचा माल तिच्यात बसतो की नाही. मी लॅबमधली केमिस्ट. पूर्वी आम्ही मागच्या बॅचची वर्डची फाइल उघडून आकडे बदलायचो, आणि महिन्यातून एकदा तरी मागचाच आकडा तसाच पुढे जायचा. मग शेठ ओरडायचे. शेवटी मी चिडून स्टेशनजवळच्या एका क्लासला नाव घातलं, माहिती साठवून रिपोर्ट काढायचं ॲक्सेस नावाचं सॉफ्टवेअर शिकले आणि सगळ्या कारखान्यासाठी एक प्रोग्राम केला. याला अठरा वर्षं झाली.

तो प्रोग्राम दोन तुकड्यांत आहे. डेटा एका फाइलमध्ये, ती सर्व्हरवर. बाकी सगळं, म्हणजे पडदे, बटणं आणि छापायचे रिपोर्ट, दुसऱ्या फाइलमध्ये, आणि तिची एकेक कॉपी प्रत्येकाच्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर. गच्चीवर पाण्याची टाकी एक आणि नळ घरोघरी, असं समजा. आता एखाद्या रिपोर्टमध्ये एक ओळ जरी बदलायची, तरी आठ मशीनवरच्या आठ कॉप्या बदलायला लागतात. आठ घरी जाऊन नळ बदलण्याचं काम. ते काम माझं.

एमआयडीसीत आमच्या भागाला शुक्रवारी सुट्टी. म्हणून गुरुवारी दुपारी चारनंतर मी पेनड्राइव्ह घेऊन निघायचे. लॅब, प्रॉडक्शन, स्टोअर, डिस्पॅच, शेठची केबिन आणि शेवटी गेट. मी येताना दिसले की लोक खुर्चीवरून उठायचे. "मॅडम, बसा." चहा यायचा. डिस्पॅचवाल्याचे डोळे अधू झालेले, त्याला बॅच नंबर मोठा हवा असायचा, मी करून द्यायचे. स्टोअरवाल्याला खाली सहीच्या दोन जागा हव्यात, घे बाबा. शेठना कंपनीचं चिन्ह डावीकडे आवडायचं. असं करत करत प्रत्येकाला त्याच्या आवडीचा रिपोर्ट मी शिवून दिला. माप माझ्या डोक्यात. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नाही, याचं मला फार सुख होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. रिअॅक्टरला, वजनकाट्याला झेंडूच्या माळा. ऑफिसातला मोठा हार मात्र दरवर्षी माझ्या मशीनला. शेठ स्वतः घालायचे आणि म्हणायचे, "हे बंद पडलं तर आपण सगळे बंद." मी मान खाली घालून कुंकू लावायचे, पण कान टवकारलेले असायचे.

अशा ठिकाणी मी जावेला घेऊन आले, जूनमध्ये. नोकरी सहा महिने कच्ची, काम बघून मग पक्की. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "वहिनी, इथे काय म्हणू?" मी म्हटलं, "मॅडम म्हण." ती म्हणू लागली. कारखान्यात मॅडम, घरी वहिनी, एकदाही चुकली नाही. लग्नाआधी कल्याणला कुठल्याशा ऑफिसात दोन वर्षं तिने कॉम्प्युटरचं काम केलेलं होतं. ते मला ठाऊक होतं, पण मी ते मनावर घेतलं नव्हतं.

पंधरा दिवसांत तिने माझा प्रोग्राम आतून वाचून काढला. मी शिकवलं नाही, तिने विचारलंही नाही. जेवणाच्या सुट्टीत डब्यातली भेंडी खात खात एका हाताने माऊस फिरवत बसायची. दोन-तीनदा मी मागून जाऊन बघितलं. माझे रिपोर्ट एकामागोमाग एक उघडून ती वहीत काहीतरी लिहून घेत होती. माझ्या कपाटातल्या साड्या कोणी उलगडून बघावं, तसं मला झालं.

मग एके दिवशी शेठच्या केबिनमध्ये, त्यांनी सहज विचारलं म्हणून, ती सहजच म्हणाली, "सर, आपल्याकडे आठ मशीनवर आठ वेगळी सर्टिफिकेटं आहेत. एकच बॅच दोन टेबलांवर छापली तर दोन वेगळे कागद येतात."

मी तिथेच उभी होते. तिच्या बोलण्यात आकस नव्हता, हीच पंचाईत होती. आकस असता तर मी तिला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "लोकांच्या सोयीसाठी केलंय ते." शेठ म्हणाले, "सोय ठीक आहे हो, पण पार्टीने दोन कागद शेजारी ठेवले तर?" आणि जावेला म्हणाले, "तू बघ काय करता येतं ते."

तिने जे केलं ते असं. सगळे रिपोर्ट एकसारखे केले आणि एकच मूळ कॉपी सर्व्हरवर ठेवली. डेटात एक बारकं टेबल घातलं, सध्या कितवी आवृत्ती चालू आहे ते सांगणारं. कोणीही प्रोग्राम उघडला की तो स्वतःच ताडून बघणार, आणि आपली कॉपी जुनी असेल तर नवी ओढून घेणार. पेनड्राइव्ह नको, फेरी नको, मॅडम नको. वर तिने एक तपासणीचा रिपोर्टही केला, कुठल्या मशीनवर कितवी आवृत्ती आहे ते दाखवणारा. शिवाय कोण कधी काय उघडतं त्याची नोंद ठेवायचीही काही सोय केलेली. ते ती मला उत्साहाने समजावत होती. मी हं हं करत होते, ऐकत काहीच नव्हते. मला एवढंच दिसत होतं की मला अठरा वर्षांत हे सुचलं नाही, आणि हिला दोन महिन्यांत सुचलं.

गुरुवारचे चार वाजायचे आणि मी टेबलाशी बसून राहायचे. चहा टेबलावरच यायचा, सगळ्यांना येतो तसा. डिस्पॅचवाल्याने बॅच नंबर लहान झाल्याची तक्रार केली, तेव्हा मला कोण आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी तिने सगळीकडेच नंबर मोठा केला, आणि तो तिला म्हणाला, "वा, ताई, हे आधी कोणी का नाही केलं?" मेल्या, तुझ्या एकट्यासाठी मी सहा वर्षं करत होते ते काय होतं?

घरी तर शुक्रवार नकोसा झाला. सुट्टी म्हणून दीर, ती आणि मुलगी जेवायला येत. सासूबाई विचारायच्या, "जमतंय का गं तुला?" ती म्हणायची, "वहिनी आहेत ना." हेच तर मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आता ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण ते खरं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी तिच्या पानात मुद्दाम दोन पुऱ्या जास्त वाढायचे. कोणाला वाटावं माया.

खंडेनवमीला मी सकाळी माझं मशीन लख्ख पुसून ठेवलं. शेठ हार घेऊन आले, माझ्या टेबलाशी क्षणभर थांबले आणि पुढे जाऊन तिच्या मशीनला हार घातला. "आता सगळं इथून चालतं, नाही का?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिने लगेच हारातली दोन फुलं काढून माझ्या मशीनवर आणून ठेवली. ती फुलं मी संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरी गेल्यावर डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. दुखत होतं ते पोट, हे मला ठाऊक होतं.

तिच्या त्या सोन्यासारख्या व्यवस्थेत एक भोक होतं, आणि ते मला एकटीलाच माहीत होतं. गेटचं मशीन.

ऑफिस साडेपाचला सुटतं, ट्रक मात्र नंतरही निघतात. म्हणून ड्रायव्हरला द्यायचं सर्टिफिकेट गेटवरच छापतात. गेटवरचे काका इथले जुने, मूळ गावातले. ज्या जमिनीवर कारखाना उभा आहे ती एकेकाळी त्यांच्याच भावकीची होती, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. त्यांच्या खोलीतलं मशीन इतकं जुनं, की बंद केलं तर चालू व्हायला पंधरा मिनिटं लागतात, तोवर ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. म्हणून मी काही वर्षांपूर्वी मार्करने एक कागद लिहून त्यावर चिकटवला होता: "बंद करू नये." काका ती चिठ्ठी पाळत होते. त्यांच्या लेखी ती प्रोग्रामलाही लागू, म्हणून तोसुद्धा दिवसरात्र उघडाच. आणि जावेची नवी कॉपी येणार कधी? प्रोग्राम नव्याने उघडला तर.

पहिली कॉपी तिने सगळीकडे स्वतः फिरून घातली होती, तेव्हा मी बरोबर होते म्हणून काकांनी मशीन बंद करू दिलं. नंतर दोन छोटे बदल झाले, पण त्या सुमारास वीज गेलेली, गेटचं मशीन आपोआप बंद-चालू झालं आणि नवी कॉपी आली. त्यामुळे तिला वाटलं, गेटही बाकीच्यांसारखंच. दसऱ्याआधी गेटला नवा इन्व्हर्टर बसला. आता वीज गेली तरी ते मशीन बंद होणार नव्हतं.

दिवाळीच्या थोडं आधी आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचं पत्र आलं. ओलाव्याची मर्यादा त्यांनी आणखी खाली आणली होती, आणि पुढच्या गुरुवारी त्यांचे तपासनीस कारखाना बघायला येणार होते. शेठनी जावेला बोलावून माझ्यादेखत सांगितलं, "हे नीट पार पडलं की तुझी नोकरी पक्की." मर्यादा मी पूर्वीपासून थेट रिपोर्टच्या कागदावरच टाइप करून ठेवलेल्या होत्या. त्या वेगळ्या टेबलात हलवायचं काम तिच्या यादीत होतं, पण वेळ नव्हता. तिने रिपोर्टमध्ये आकडा बदलला आणि शनिवारी नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली.

रविवारी तिच्या मुलीला डेंग्यू निघाला. सोमवारी सकाळी हॉस्पिटलमधून मला फोन. "वहिनी, मी गुरुवारपर्यंत नाही येऊ शकत. तेवढं एक बघाल? तो तपासणीचा रिपोर्ट उघडून सगळ्या मशीनवर नवीन आलंय ना, एवढंच. कुठे राहिलं असेल तर एकदा बंद करून उघडायचं."

मी म्हटलं, "तू पोरीकडे बघ गं. मी बघते."

आणि मी बघितलं. सोमवारी दुपारी उघडला रिपोर्ट. आठ ओळी. सात मशीनवर नवी आवृत्ती, आठव्या ओळीत गेट, जुनी. गेट माझ्या टेबलापासून किती लांब असेल? चालत चार मिनिटं. मी रिपोर्ट बंद केला आणि लॅबमध्ये जाऊन बाटल्या धुतल्या, जे काम माझं नाही.

मंगळवारी पुन्हा उघडला. गेट, जुनी. त्या संध्याकाळी त्याच ग्राहकाचा ट्रक निघायचा होता. मी काकांकडे जायला म्हणून उठलेसुद्धा. वाटेत डिस्पॅचवाला भेटला आणि म्हणाला, "काय मॅडम, आता ताई नाहीत तर प्रोग्राम बंद नाही ना पडणार?" मी मागे फिरले. असं कोणी माझ्याबद्दल म्हणायचं एकेकाळी. बुधवारी सुटता सुटता तिसऱ्यांदा उघडला. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसा. गेट, जुनी. मी मनाशी म्हटलं, बघू आता कोणाशिवाय अडतं ते. तिची पोरगी सलाईनवर आहे, हे मला तेव्हा आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं.

गुरुवारी दहाला तपासनीस आले. शांत, चष्म्याआडून बघणारे गृहस्थ. जाऊ सव्वादहाला पोचली, हॉस्पिटलमधून तडक, केस कसेबसे बांधलेले. मला काही विचारायला तिला वेळच मिळाला नाही. तपासनिसांनी एका बॅचचा नंबर सांगितला आणि म्हणाले, "याचं सर्टिफिकेट काढून द्या." मी लॅबच्या मशीनवरून काढून दिलं. त्यांनी आपल्या बॅगेतून दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. मंगळवारच्या ट्रकबरोबर त्यांच्याकडे गेलेला, आमच्या गेटवर छापलेला. बॅच तीच, निकाल तोच, ओलाव्याच्या मर्यादा मात्र दोन. एक जुनी, एक नवी.

"माल दोन्हींत बसतो," ते म्हणाले. "पण मी विश्वास कुठल्या कागदावर ठेवू?"

शेठनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. जावेने दोन्ही कागद उचलले, खालची आवृत्तीची बारीक ओळ वाचली आणि तिचा चेहरा उतरला. पण तिने उत्तर द्यायला दोन क्षणसुद्धा घेतले नाहीत. "सर, चूक माझी आहे. गेटचं मशीन कधी बंदच होत नाही, हे मी धरलं नव्हतं. रजेवर जाण्याआधी मी ते बघून जायला हवं होतं." माझं नाव नाही, फोनचा उल्लेख नाही.

तपासनिसांनी वहीत शेरा लिहिला. महिन्याने पुन्हा येऊ म्हणाले. ते गेल्यावर शेठनी निर्णय दिला. तिची पक्की नोकरी तीन महिने पुढे, तेही बघू म्हणून. आणि रिपोर्टांचं सगळं काम तूर्त मॅडमकडे परत.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. न विचारताच म्हणाले, "अगं, कामाच्या गडबडीत तो रिपोर्ट बघायचंच विसरले बघ मी." तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "असू दे, वहिनी." कारखान्यात ती पहिल्यांदाच मला वहिनी म्हणाली. मला वाटलं, पोरगी थकली आहे.

तिची आपोआप कॉपी येण्याची सोय मी बंद केली, आणि पुढच्या गुरुवारी पेनड्राइव्ह पुन्हा माझ्या हातात. चार वाजता मी अगदी ऐटीत निघाले. डिस्पॅचवाला खुर्चीवरून उठला खरा, पण म्हणाला, "अहो मॅडम, ते आपोआप येत होतं ते बरं होतं हो. आता मधेच हातातलं काम थांबवायला लागतं." स्टोअरमध्ये तेच. शेठच्या केबिनमध्ये शेठ फोनवर, मला दहा मिनिटं बाहेर उभं राहायला लागलं. पूर्वीही उभी राहतच असणार. तेव्हा ते उभं राहणं कधी दिसलं नव्हतं.

शुक्रवारी सगळे जेवायला आले. मुलगी आता बरी होती, माझ्या मांडीवर बसून वरणभात जेवली. सासूबाईंनी विचारलं, "झाली का गं नोकरी पक्की?" ती म्हणाली, "होईल आई, थोडं पुढे गेलंय." दीर पानातलं बोटाने चिवडत राहिला. त्याला नोकरी अजून लागलेली नव्हती. मी पुरी वाढायला गेले तर तिने पानावर हात आडवा धरला.

रिपोर्टांचं काम माझ्याकडे आलं, म्हणून त्यानंतर एक दिवस मी तिचा मेन्यू नीट बघायला घेतला. तपासणीचा रिपोर्ट तिथे होता. त्याच्याखाली पूर्वी आणखी एक बटण होतं, ते आता नव्हतं. मला लगेच संशय आला, हिने काय लपवलं? हेवा माणसाला फार मेहनती करतो. मी सरळ सर्व्हरवरची डेटाची फाइल उघडली. टाकी शेवटी माझीच बांधलेली. त्यात ते टेबल सापडलं, कोणी, कुठल्या मशीनवरून, कधी, कुठला रिपोर्ट उघडला. तिने मला समजावलेलं आणि मी न ऐकलेलं.

माझ्या मशीनच्या नावापुढे तीन ओळी होत्या. तपासणीचा रिपोर्ट. सोमवार दुपार, मंगळवार सकाळ, बुधवार संध्याकाळ. वेळ मिनिटांसकट. त्याखाली तिच्या मशीनची ओळ. गुरुवारी, तपासनीस गेल्यावर लगेच, तिने हीच नोंद उघडून बघितली होती. माझ्या "विसरले"च्या बरोबर चाळीस मिनिटं आधी. म्हणजे मी थाप मारत होते तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. आणि त्यानंतर तिने ते बटणच काढून टाकलं होतं, दुसऱ्या कोणाच्या हाती ते लागू नये म्हणून.

लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी आला तो हेवाच. हुशारीत ती पुढे गेली ते मी कसंबसं गिळलं असतं. पण मोठ्या मनाचा मान तरी घरात माझा होता ना? तोही तिने न बोलता नेला. तिच्या जागी मी असते तर त्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत छापून शेठच्या टेबलावर आपटल्या असत्या. आणि आता जन्मभर ती माझ्या पंगतीला जेवणार, मला वहिनी म्हणणार, आणि मी तिच्या उपकाराखाली पुऱ्या तळणार. हे मला सोसण्यासारखं नव्हतं.

म्हणून मी एक रिपोर्ट केला. माझ्या हातचा शेवटचा. त्यात फक्त चार ओळी, तीन माझ्या आणि एक तिची. वर मथळा, खाली माझं नाव. पेनड्राइव्हवर घेतला, शेठच्या केबिनमध्ये गेले, त्यांच्या मशीनवर घातला आणि छापून समोर ठेवला. फोनची गोष्ट तोंडाने सांगितली.

शेठनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, हे तुम्ही मला का दाखवताय?"

"कारण ती दाखवणार नाही."

त्यांनी कागदाची घडी घालून खणात ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही आता लॅब बघा." अठरा वर्षांत ते माझ्याशी इतकं कमी कधी बोलले नव्हते. तिची नोकरी ठरल्या दिवसापासून पक्की झाली, आणि रिपोर्ट तिच्याकडे परत गेले.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, गेटवर येता का? काका मशीन बंद करू देत नाहीत."

आम्ही दोघी गेलो. काका मशीनसमोर हाताची घडी घालून बसलेले. तिला म्हणाले, "तुला सांगितलं ना बाय, ही चिटी मॅडमनी लावलेली हाय. त्या सांगतील तवा बंद करीन." मी पुढे झाले आणि चिठ्ठी काढायला लागले. चिकटपट्टी वाळून काचेला बसलेली, नखाने खरवडून काढावी लागली. मशीन बंद केलं. मग पंधरा मिनिटं आम्ही तिघं ते चालू व्हायची वाट बघत बसलो. बाहेर एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. काका त्याला ओरडायला बाहेर गेले.

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, तुम्ही बघून सांगितलं नाहीत, त्याचं नाही एवढं. मला कळतं, तुमचं काम होतं, मी घेतलं. पण विसरले म्हणालात ना, ते लागलं मला."

इतकं सरळ, इतक्या शांतपणे मला कधी कोणाला काही सांगता आलेलं नाही. त्याचाही मला हेवा वाटला. जित्याची खोड.

"विसरले नव्हते," मी म्हणाले.

"माहितीये."

पडदा उजळला. नवी कॉपी आपोआप येऊ लागली, हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. ती पुरी झाल्यावर तिने एक सर्टिफिकेट छापलं आणि माझ्या हातात दिलं. मी वरपासून खालपर्यंत वाचलं. बॅच नंबर मोठा, सहीच्या दोन जागा, कंपनीचं चिन्ह डावीकडे. आठ जणांसाठी मी आठ ठिकाणी केलेलं सगळं तिने एका कागदावर बसवलं होतं, एकही न गाळता. इतके महिने तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी तो एकदाही धड बघितला नव्हता.